ओव्हनमधली पहिली बट्टी

सासूबाई गावाकडून अमळनेरला आमच्याकडे राहायला आल्या, त्याला वर्ष होईल. इथे तिसऱ्या मजल्यावर गोवऱ्या कुठे पेटवणार? वरणबट्टी व्हायची ती पिठाचे उंडे वाफवून, कापून, तळलेली. सासूबाई खायच्या, पण निखाऱ्यातल्या बट्टीची आठवण दर वेळी निघायचीच. म्हणून दिवाळीला ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन घेतला, 2000 वॅटचा.

खोक्यातून काढला आणि तिथेच अडलं. त्याची पिन जाड, ओट्यावरचा प्लग 6 अँपिअरचा. मधे जाड पिन छोट्या प्लगला जोडणारा कन्व्हर्टर लावू, असं घरात सगळ्यांचं मत. वायरमनदादांनी मात्र साफ नाही म्हटलं. 230 व्होल्टला 2000 वॅट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. मिक्सर दोन मिनिटं फिरतो, ओव्हन तासभर ओढतो. छोटा प्लग काळा पडून वितळतो. त्यांनी बोर्डापासून 4 स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी वायर ओढून 16 अँपिअरचा प्लग बसवला. तोवर दोन दिवस ओव्हन नुसता झाकून ठेवला होता. ओव्हन घेताना हा खर्चही धरूनच चाला.

पहिल्यांदा तो रिकामाच तापवायचा असतो. आतली चिकटपट्टी, थर्माकोल सगळं काढलं, ट्रे आणि जाळी धुऊन कोरडी केली, भिंतीपासून चार-पाच इंच जागा सोडली. दोन्ही कॉइल चालू करून 250 अंशांवर 15 मिनिटं ठेवला. कारखान्यात कॉइलला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो या वेळी जळून जातो. पाचव्या मिनिटाला निळसर धूर आणि असा उग्र वास! देवघरातून सासूबाई ओरडल्या, "काय जळी राह्यनं वं?" खिडक्या उघडल्या, पंखा लावला. दहा-बारा मिनिटांत धूर आपोआप थांबला.

मग बट्टी. चार वाट्या जाडसर गव्हाचं पीठ, एक वाटी मक्याचं, ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि तेलाचं कडकडीत मोहन. पीठ घट्ट भिजवून लिंबापेक्षा जरा मोठे गोळे केले. पहिला घाणा मी थंड ओव्हनमध्येच ठेवला आणि लवकर व्हावं म्हणून 220 लावलं. वरून करपल्या, फोडल्या तर आत ओलं पीठ. फार वाईट वाटलं, कारण सासूबाई ताट घेऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आत ठेवायचा थर्मामीटर आणला, तेव्हा उलगडा झाला. बटण 180 वर असलं तरी आत 200 च्या आसपास होतं. शिवाय आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. ते 200 व्होल्टवर आलं की 2000 वॅटची कॉइल जेमतेम दीड हजाराचं काम करते, म्हणजे तापायला जास्त वेळ. आता मी मिनिटं मोजत नाही. ओव्हन तापून त्याचा दिवा विझला, थर्मामीटरचा काटा जागेवर आला, की मगच ट्रे आत. मधल्या खाचेत, बटण 160 वर, म्हणजे आत 180. पंधरा मिनिटांनी बट्ट्या उलटायच्या, तुपाचा हात फिरवायचा, पुन्हा पंधरा मिनिटं. तडा गेला की समजायचं आतपर्यंत भाजली.

भरिताचं वांगं मात्र मी यात घालणार नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण भरिताची निम्मी चव काड्यांवर भाजताना लागणाऱ्या धुराची. कॉइलला धूर कुठून येणार? ते गावी शेतातच.

त्या रविवारी सासूबाईंनी बट्टी दोन्ही हातांत धरून फोडली. आतून वाफ आली. त्यांनी वास घेतला, वरण ओतलं, वर तूप सोडलं. "गोवऱ्यासना वास नही," म्हणाल्या, आणि दुसऱ्या बट्टीसाठी ताट पुढे केलं.