काळी दोनचं गाणं

१२ जानेवारी

१९६८ साली याच तारखेला मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनने ‘द इनर लाइट’ची साथ ध्वनिमुद्रित केली. गाणं बीटल्सचं, पण त्यात एकाही बीटलने वाद्य वाजवलेलं नाही. त्याबद्दल बोलताना बीटल्सच्या ध्यानाच्या आणि ऋषिकेशवारीच्या गोष्टी लगेच निघतात. माझं लक्ष मात्र त्या खोलीतच अडकतं, कारण गाणं आज जसं ऐकू येतं ते बरंचसं तिथेच ठरलं.

शब्द आले केंब्रिजहून. तिथले संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी नोव्हेंबर १९६७मध्ये हॅरिसनला पत्र लिहिलं, सोबत ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हे आपलं संकलन पाठवलं आणि त्यातल्या ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ४७व्या प्रकरणाला चाल लावायला सुचवलं. दाराबाहेर पाऊल न टाकता सगळं जग कळतं, असं ते प्रकरण. हॅरिसनने पहिल्या कडव्यातला ‘मी’ दुसऱ्यात ‘तू’ केला. फार नेमका बदल.

हॅरिसन मुंबईला आला होता तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी. आशिष खान सरोदवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, महापुरुष मिश्र तबला-पखवाजवर, अशी त्या आठवड्यातली मंडळी. स्टुडिओत मोनो, म्हणजे सगळे आवाज एकाच ट्रॅकवर टिपणारं यंत्र होतं, म्हणून ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या इथल्या कारभाराचे प्रमुख भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं यंत्र आणवलं. तरी दोनच ट्रॅक. शहनाई आणि सरोद सगळ्यांवर चढतात, बासरी आणि हार्मोनियम मागे पडतात. नंतर आवाज वरखाली करायची सोय नाही. म्हणजे तोल साधायचा तो वादकांना माइकपासून कमीजास्त अंतरावर बसवून, आणि एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं.

त्यात खोली आवाजाला बंद नव्हती. रस्त्यावरच्या टॅक्सी आत ऐकू येत. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे, हे हॅरिसननेच सांगितलेलं आहे.

आता खरी अडचण, जिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. गाण्याचा सा काळी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या सुरावरचा. वादकांना त्यात काही अवघड नाही, पण हॅरिसनच्या गळ्याला ती पट्टी उंच. गाताना एरवी पट्टी उतरवता येते. इथे साथ आधीच टेपवर बसलेली. टेप हळू फिरवून एक अर्धस्वर उतरवायचा तर वेग सुमारे ६ टक्के कमी करावा लागतो, मग लय ढिली पडते आणि सरोदवरचा जव्याचा टोकदार आघातही बोथट ऐकू येतो. ६ फेब्रुवारीला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत मुंबईची टेप चार ट्रॅकवर उतरवून झाली, आणि हॅरिसन गायला कचरू लागला. बँडमधल्या लेनन आणि मॅकार्टनीने धीर दिल्यावर तो गायला. त्या आवाजातला हलका, जपून लावलेला सूर मला तरी या पट्टीचाच परिणाम वाटतो, आणि शब्दांना तो शोभतो. ८ तारखेला त्या दोघांनी शेवटच्या ओळीला आपले आवाज जोडले.

१५ मार्च १९६८ला इंग्लंडमध्ये ‘लेडी मडोना’च्या मागच्या बाजूला हे गाणं आलं, बीटल्सच्या एकल तबकडीवरची हॅरिसनची ही पहिलीच रचना. तेव्हा ते मोनोत होतं, स्टिरिओ मिश्रण १९७०मध्ये झालं.

२०१८मध्ये बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’च्या मोठ्या आवृत्तीत सहावा टेक नुसत्या वाद्यांसह निघाला. ऐकायचा तर हेडफोन लावून तो आधी ऐकावा. शहनाई-सरोदची चपळ धाव संपते, लय एकदम संथ होते आणि बासरी पुढे येते. पुढे हॅरिसन गायला तो त्याच मोकळ्या जागेत.