इंजिनाची जागा मागून मोजायची

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "जुन्या ट्रकात दुसरं इंजिन आणि गिअरबॉक्स टाकतोय, फाउंडेशन (इंजिन बसवायचे आधार) नेमकं कुठे वेल्ड करू?" विचारणारा तेव्हा बोनेटखाली वाकून मोकळ्या जागेकडे बघत असतो. इंजिन मावतं की नाही एवढंच तिथून कळतं. ते कुठे बसणार हे मागे, क्राउन-टेलच्या हाउसिंगपाशी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या गिअरपेटीपाशी ठरतं.

आधी कागदाचं. आरसीवर इंजिनाचा नंबर आणि इंधन लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्यायची असते, काम उरकल्यावर नव्हे. संगम पुलापाशी, पुण्याच्या आरटीओत, एक चक्कर आधी मारा, मग चेन कप्पी लावा.

दुसरं, मागचा ॲक्सल कोणता ते बघा. १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनी शेव्हरोलेत प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा, उघडा नसतो. तो जाड नळीत बंद असतो आणि मागच्या चाकांचा धक्का त्या नळीतूनच पुढे जातो. तिथे नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही, उघड्या शाफ्टचा ॲक्सलही शोधावा लागतो. तो मिळेपर्यंत इंजिनाचं एकही माप घेऊ नका.

मापं घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. शेवटी जे टायर राहणार तेच, आणि कमानपाटेही तेच. घोड्यांवर (स्टँडवर) टांगलेल्या चासीवर घेतलेलं माप फुकट जातं, कारण ॲक्सल खाली लोंबतो आणि शाफ्ट ज्याला जोडतो त्या टेल-पिनियनचा कोनच बदलतो. मॉकअपसाठी, म्हणजे जागा तपासायला, रिकामा ब्लॉक आणि गिअर काढलेली केसिंग वापरतात, ते योग्यच आहे, हलवायला सोपं पडतं. पण मग पुढचे पाटे वजनाअभावी वर राहतात. लोखंडी व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन साजासकट २५० किलोंच्या वर जातं. जेवढं वजन कमी असेल तेवढ्याच्या सिमेंटच्या गोण्या इंजिनाच्या जागी चासीवर आडव्या टाका. ५० किलोची गोणी याला अगदी सोयीची.

ओळंबा सोडून चासीची मध्यरेषा जमिनीवर खडूने काढा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत ५ मिमीहून जास्त फरक आला तर आधी चासी सरळ करून घ्या. अनेक हाउसिंगमध्ये पिनियन मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. इंजिनही स्टिअरिंग बॉक्स चुकवायला २०-२५ मिमी बाजूला घेता येतं, त्यात काही बिघडत नाही. अट एवढीच की क्रँकची रेषा मध्यरेषेला समांतर राहिली पाहिजे. इंजिन तिरकं लावलं की वरून दिसणारा कोन बाजूच्या कोनात मिसळतो: बाजूने २ अंश आणि वरून दीड अंश असेल, तर क्रॉसला (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याला) प्रत्यक्षात अडीच अंश सोसावे लागतात.

आता मुख्य गोष्ट. कार्ब्युरेटरची बहुतेक व्ही-८ इंजिनं मागे साधारण ३ अंश झुकवून बसवायची असतात. मॅनिफोल्डवरची कार्ब्युरेटरची बैठक त्याच हिशेबाने कापलेली असते, इंजिन तेवढं मागे झुकलं की ती सपाट येते. बैठकीवर अंशमापक ठेवून ती जमिनीशी सपाट करा. बाकी सगळे कोन चासीच्या पट्टीवर मापक शून्य करून घ्या, म्हणजे गॅरेजच्या फरशीचा उतार मोजमापात घुसणार नाही. समजा क्रँक मागे ३ अंश उतरतोय आणि शाफ्ट ५ अंश. पुढच्या क्रॉसवर कोन २ अंश झाला. पिनियनचं नाकही ३ अंश वर असेल, तर मागच्या क्रॉसवर तेवढेच २ अंश येतात. एका क्रॉसने शाफ्टच्या गतीत घातलेला चढउतार दुसरा काढून टाकतो. हे जमायला शाफ्टची दोन्ही योक (क्रॉस धरणारे टोकांचे काटे) एका रेषेत हवीत. शाफ्ट कापून आखूड करताना नेमकी इथेच चूक होते, म्हणून कापण्याआधी नळीवर आरपार खूण करून ठेवा.

कोन अर्धा ते ३ अंशांत ठेवा. दोन टोकांतला फरक एका अंशाच्या आत. शून्य अंशही नको, कारण मग क्रॉसच्या सुया जागच्या जागी राहतात आणि खड्डे पाडतात. कोन १० अंशांवर गेला, तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा गती दीड टक्का वरखाली होते आणि गाडी भुणभुणते.

कमानपाट्यांच्या गाडीत आणखी एक मेख आहे. दिवे घाटात भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये ओढायला लागली की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक एक-दोन अंश वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत ते हिशेबापेक्षा एक-दीड अंश खाली ठेवायचं, आमच्या उदाहरणात ३ ऐवजी दोनच्या आसपास. दुरुस्ती पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालून होते. पाचर लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची दाबाखाली चिरडते. मधला बोल्टही तेवढा लांब लागतो.

कोन ठरले की इंजिन त्याच रेषेवर पुढेमागे सरकवत जागा शोधायची. पंखा आणि रेडिएटरच्या जाळीत किमान २५ मिमी, कारण जोरात ब्रेक मारल्यावर रबरावरचं इंजिन पुढे येतं. इंजिन आणि केबिनमधल्या मागच्या पत्र्याशीही तेवढंच, शिवाय बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टांवर पाना फिरला पाहिजे. हे बहुतेक जण विसरतात आणि पुढे क्लच बदलायला अख्खं इंजिन उतरवतात. खाली ऑइल चेंबर: ॲक्सल आणि बंप रबर यांतलं अंतर मोजा, रबर दबेल तेवढं त्यात धरा आणि वर १५-२० मिमी मोकळे सोडा. टाय रॉडही विसरू नका, खड्ड्यात चेंबरला आधी तोच भिडतो. परदेशी किटचे फोटो बघून भुलू नका. ती डाव्या स्टिअरिंगसाठी असतात. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ चा सेल्फ उजव्या अंगाला येतो, म्हणजे आपल्याकडे थेट स्टिअरिंगच्या बाजूला.

इंजिन एका कंपनीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असेल, तर मधली प्लेट भोसरीत कोणीही कापून देईल. ती मध्यावर आहे का, हे मात्र तुम्ही तपासायचं. डायल गेज फ्लायव्हीलला लावा, क्रँक हाताने फिरवा, भोकाच्या कडेवर काटा पाच थाऊपेक्षा (इंचाच्या पाच हजारांशांपेक्षा) जास्त हलता कामा नये. जास्त हलला तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर उडतो आणि पुढचं बेअरिंग जातं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमध्ये टेकत नाही ना, हे बघायला भोकात मुलांची खेळायची क्ले भरा आणि बॉक्स एकदा लावून काढा.

फाउंडेशन सगळ्यात शेवटी. पुढे दोन आणि गिअरबॉक्सखाली एक, अशा तीनच ठिकाणी आधार द्या. जुनी रिवेटची चासी पिळते. चार कोपरे घट्ट जखडले की तो पीळ ब्लॉकच्या कानांवर येतो आणि कान तुटतात. ६ मिमी प्लेट, १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, भोकं लांबट. आधी नुसते टाके मारा, बोल्ट हाताने आत जातात का बघा, मगच पूर्ण वेल्ड. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्ड मारू नका, तडा तिथूनच सुरू होतो. गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर बोल्टचाच ठेवा. स्लिप योक (गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकणारं योक) पूर्ण आत ढकलून २५ मिमी बाहेर घ्या आणि त्या स्थितीत शाफ्टची लांबी मोजा.

आणि इंजिनापासून चासीपर्यंत अर्थची जाड तार लावा. रबरावर बसलेल्या इंजिनाला चासीशी दुसरा नीट जोड नसतो, मग सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती लाल होऊन जळते.