पहिल्या तासाची मुभा

शाळेत मला सगळे ओल्या वेण्यांची मुलगी म्हणूनच ओळखत. पहाटे आईबरोबर ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावावर जायचे, सराव आटोपून तिथूनच रिक्षाने शाळा गाठायची. लाल रिबिनींत घट्ट बांधलेल्या वेण्यांतून पाणी ठिबकत राही, वहीतली शाई फुटे, क्लोरीनने केस तांबूस होत. पीटीच्या बाईंनी मुख्याध्यापकांशी बोलून मला बॉबकटची परवानगी मिळवून दिली. पहिल्या तासाला उशीर झाला तरी माझी हजेरी लागेल, हेही त्यांनीच ठरवून घेतले. ती मुभा नसती तर आठवीतच माझे पोहणे सुटले असते.

माझा प्रकार बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणे. त्यात भिंत दिसत नाही. भिंतीच्या 5 मीटर अलीकडे, पाण्याच्या वर दोरीला झेंडे लावलेले असतात. ते डोक्यावरून गेले की किती हात मारले ते मोजायचे, शेवटच्या हाताला पालथे होऊन कोलांटी घ्यायची, भिंतीला पाय रेटून पुन्हा पाठीवर यायचे. 1991 च्या नियमबदलापासून वळताना हाताने भिंत शिवावी लागत नाही; शर्यत संपवताना मात्र पाठीवरच असावे लागते. दमल्यावर हात आखूड पडतात आणि मोजणी चुकते. म्हणून आमचे पोहण्याचे सर आम्ही पार थकल्यावरच, झेंडे ते भिंत एवढाच तुकडा पुन्हा पुन्हा करून घेत. राज्य शालेय स्पर्धेत शेजारच्या लेनमधली मुलगी माझ्या पुढे होती. शेवटच्या वळणाला तिने मान वळवून भिंत शोधली, आणि तिथेच मी पुढे निघाले. ते पदक बाईंच्या टेबलावर ठेवले, तर त्यांचा पहिला प्रश्न, "गणिताचे तास बुडाले, ते कोणाकडून उतरवून घेणार?"

पुढे कॉलेज, राष्ट्रीय स्पर्धा, मग खांद्याचे दुखणे. तलावातल्या शर्यती थांबल्यावर समुद्रात उतरले, मुंबईत संक रॉक दीपगृह ते गेटवे ऑफ इंडिया हे 5 किलोमीटर पोहले. तिथे ना झेंडे, ना तळाची काळी रेघ. होडीतल्या माणसाच्या हाताकडे बघत राहायचे.

2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या दिवशी मी रडले. 1986 मध्ये सोलला खजान सिंग यांनी रौप्य जिंकले, त्यानंतर आशियाई स्पर्धेतले जलतरणातले भारताचे हे पहिलेच पदक. मधल्या 24 वर्षांत पहाटे उठणारी मुले काही कमी नव्हती. पण नववी-दहावीला बरीच गळतात, आणि ते मी आज रोज बघते.

आता मी ठाण्यातच मुलांना पोहायला शिकवते. शिकवणीच्या क्लासची वेळ सरावावर येते, आणि जिचे टायमिंग नुकतेच सुधारू लागलेले असते अशी मुलगी अचानक येईनाशी होते. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेकडे एकच मागणे आहे. पहिल्या तासाची ती मुभा एखाद्या बाईंच्या मायेवर न राहता शाळेच्या नियमांत लिहिली जावी. बुडालेले तास शनिवारी भरून काढायला आम्ही माजी विद्यार्थी येऊ. गणित आणि विज्ञानासाठी आमच्या बॅचमधल्या तिघांनी नावेही दिली आहेत.