प्रसिद्ध नववधूंचे पोशाख आणि फोटोत न दिसणारी शिवण

प्रसिद्ध लग्नातला फोटो फोनवर दाखवून "मला अगदी असंच हवं" म्हटलं, की शिवणारा माणूस रंग, गळा आणि भरतकाम उचलतो. फोटोत तेवढंच असतं. ती नववधू त्या पोशाखात गाडीत कशी बसली, ओढणीचं ओझं नेमकं कशावर टेकलं होतं, बटणं लावायला किती वेळ गेला, मदतीला किती हात होते, यातलं काहीच फोटोत येत नाही. आणि लग्नाच्या दिवशी पोशाख सुखाचा होतो की जाचाचा, हे ठरतं नेमकं याच गोष्टींवर. म्हणून पुढचे पोशाख शिवणीच्या आणि वावरण्याच्या अंगाने पाहू.

सुरुवात ब्रिटनच्या राजघराण्याची सून झालेल्या डायनापासूनच करायला हवी. २९ जुलै १९८१ला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये तिने घातलेला गाऊन डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल यांनी केला होता. हस्तिदंती रंगाचा रेशमी टॅफेटा आणि २५ फुटांची ट्रेन, म्हणजे गाऊनचा मागे जमिनीवर लोळणारा भाग. वडिलांबरोबर काचेच्या बग्गीत बसताना एवढं कापड आत कोंबावं लागलं आणि ती उतरली तेव्हा त्यावरच्या सुरकुत्या साऱ्या जगाने पाहिल्या. दोष शिवणीत नव्हता. टॅफेटाची वीण घट्ट आणि करकरीत असते, त्यातले धागे सरकत नाहीत. त्यामुळे एकदा घडी पडली की ती सहज जात नाही. ऑर्गेन्झा हे पातळ, ताठ कापडही थोडंफार असंच वागतं. क्रेप आणि जाड साटन मात्र बऱ्यापैकी सावरतात.

कापड घेण्याआधी त्याचा कोपरा अर्धा मिनिट मुठीत घट्ट आवळून धरा, सोडा आणि पाच मिनिटांनी पाहा. तेव्हा जी सुरकुती दिसेल, तीच गाडीतून उतरल्यावर दिसणार. तरीही तेच कापड हवं असेल तर खुशाल घ्या, पण मग प्रवासाचा विचार आधी करा. बसताना मागचा घेर उचलून बाजूला घ्यायचा, कधीच खाली दाबायचा नाही. शेजारची जागा रिकामी ठेवायची. पोहोचल्यावर दहा मिनिटं हातात धरायच्या स्टीमरसाठी राखायची आणि वाफ कापडाच्या आतल्या बाजूने द्यायची. टॅफेटावर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहू शकतो, म्हणून स्टीमर आधी आतल्या शिवणीवर चालवून पाहावा.

त्याच गाऊनचा दुसरा धडा मापाचा. लग्न जवळ येईपर्यंत डायना बारीक होत गेली आणि वरचा भाग पुन्हा पुन्हा मापाला बसवावा लागला. हे जवळपास प्रत्येक लग्नात होतं. शेवटची ट्रायल महिनाभर आधी उरकून टाकू नये, ती सात ते दहा दिवस आधी ठेवावी. त्याआधी फिटिंगच्या शिवणींवर कच्ची टीपच असू द्यावी आणि दोन्ही कुशींना आत दीड-दीड इंच दाब, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, सोडायला सांगावा. दाब कापून टाकलेलं ब्लाउज आवळता येतं, सैल करता येत नाही.

तीस वर्षांनी, २९ एप्रिल २०११ला, डायनाची सून केट मिडल्टनने वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या लग्नासाठी जी ट्रेन घेतली ती २.७ मीटर होती, म्हणजे डायनाच्या ट्रेनच्या साधारण तिसरा हिस्सा. वास्तू तितकीच भव्य, तरी पोशाख कुठेही उणा वाटला नाही. ट्रेनची लांबी ठरवताना मागे किती हात आहेत हे मोजावं. मीटरभर ट्रेन एकटीला उचलता येते. दोन मीटरच्या पुढे एक माणूस सतत मागे लागतो. समारंभानंतर ती वर घ्यायची सोय, म्हणजे बटणं आणि फासे, शिवतानाच करून घ्यावी. इथे नेहमीची चूक म्हणजे नुसत्या दोऱ्याचे फासे. कुणाचा पाय पडला की ते तटातट तुटतात. फासा आणि बटण दोन्हींच्या मागे आतून पट्टी शिवलेली असली की ओढ एका टाक्यावर न येता पसरते.

केटच्या पोशाखाबद्दल लोकांना लेस आठवते. मोलाची गोष्ट ती लेस कशी लावली यात आहे. सारा बर्टन यांच्या या गाऊनवर रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या कारागिरांनी लेसची फुलं हाताने कापून बसवली. त्या दर तीस मिनिटांनी हात धूत आणि दर तीन तासांनी सुई बदलत. हाताचा घाम आणि तेलकटपणा पांढऱ्या धाग्यावर लगेच दिसत नाही, काही काळाने पिवळेपणा म्हणून वर येतो. आणि बोथट सुई नाजूक जाळीचा धागा तोडते. हाच नियम तुम्हाला तयार करणाऱ्या प्रत्येकीला लावा: हात धुतलेले आणि कोरडे, खाली स्वच्छ चादर, मेकअप पूर्ण वाळल्यावरच कपडे.

लेस वेगवेगळ्या ठिकाणची असल्याने प्रत्येक फुलाचा रंग जुळवण्याचीही तिथे मोठी काळजी घेतली गेली. पांढरे अनेक असतात. कच्च्या रेशमाचा पांढरा किंचित पिवळसर असतो, तर कृत्रिम धाग्याच्या पांढऱ्यात चमक आणणारी रसायनं असतात, त्यामुळे तो फ्लॅशमध्ये निळसर पेटतो. ब्लाउज एका कापडाचं आणि ओढणी दुसऱ्याची असेल तर दोन्ही तुकडे शेजारी धरून उन्हात, पिवळ्या दिव्याखाली आणि फोनच्या फ्लॅशने असे तीनदा पाहा. दुकानातल्या एकाच दिव्यावर विसंबू नका.

फिक्या रंगांनाही हेच लागू. अनुष्का शर्माने ११ डिसेंबर २०१७ला इटलीत सब्यसाचीचा फिकट गुलाबी लेहंगा घातला आणि लाल सोडून इतर रंगांकडे पाहण्याचं धाडस अनेकींना आलं. चांगलंच झालं. मात्र फिका रंग चेहऱ्याचं तेज शोषून घेऊ शकतो. कापड हनुवटीखाली धरून, मेकअप न करता, दिवसाउजेडी फोटो काढा. डोळ्यांखालची वर्तुळं गडद दिसली तर तो रंग चेहऱ्याजवळ नको. तो घेरात ठेवा आणि गळ्याशी, ओढणीच्या काठाला गडद छटा आणा.

केटच्या पाठीवर कापडाने मढवलेली ५८ बटणं होती. एका बटणाला दहा सेकंद धरले तरी जवळजवळ दहा मिनिटं होतात, आणि घाईत थरथरणाऱ्या हातांना दहा सेकंद पुरत नाहीत. अशी बटणं हवी असतील तर क्रोशाची बारीक सुई जवळ ठेवा, तिने फासा ओढून घेणं बोटांपेक्षा कितीतरी सोपं जातं. नाहीतर आत चेन आणि वर शोभेची बटणं असं शिवून घ्या. मी हाच सल्ला देईन.

आता ओढणी आणि व्हेल, म्हणजे गाऊनवर डोक्यावरून मागे सोडायचं जाळीदार कापड. प्रियांका चोप्राने डिसेंबर २०१८मध्ये जोधपूरच्या उमेद भवनात राल्फ लॉरेनच्या गाऊनवर घेतलेली ट्यूलची व्हेल ७५ फूट लांब होती आणि ती धरायला मागे कितीतरी माणसं होती. ट्यूल म्हणजे बारीक नेट, वजनाला हलकं. त्रास देते ती जमिनीशी होणारी घासण. खडबडीत फरशी किंवा केसाळ गालिचा नेटला पकडून ठेवतो आणि झटका थेट केसांना बसतो. मीटरभर नेट त्याच जमिनीवर ओढून पाहिलं की किती लांबी झेपेल ते कळतं.

लांब व्हेलला वा जड ओढणीला नुसत्या पिना पुरत नाहीत. केसांत आधी पाया करावा लागतो. जिथे ओढणी टेकणार तिथे बारीक वेणी घालून ती चपटी बसवायची, तिच्यावर दोन पिना फुलीसारख्या आडव्या लावायच्या आणि ओढणीला शिवलेला कंगवा त्या वेणीत खुपसायचा. नुकत्याच धुतलेल्या, मऊ केसांत कंगवा घसरतो, म्हणून केस आदल्या दिवशी धुवावेत. ओढणी भरतकामाची असेल तर तिचं सगळं वजन डोक्यावर ठेवूच नये. डोक्यावर पहिला आधार, खांद्यावर दुसरा, आणि मधला भाग थोडा सैल, म्हणजे मान वळवताना ओढ बसत नाही. पिन कधीही मण्यांतून किंवा नुसत्या नेटमधून घालू नये. मागच्या बाजूला इंचभर कापडाची चकती शिवून घ्यावी आणि पिन त्या चकतीत अडकवावी. भर लग्नात ओढणी फाटण्याचं एक नेहमीचं कारण ही न लावलेली चकती आहे.

त्याच लग्नातल्या प्रियांकाच्या लाल लेहंग्यावर ११० कारागिरांनी ३,७२० तास काम केलं. हा आकडा वेळेच्या हिशेबासाठी लक्षात ठेवा. चार कारागीर रोज आठ तास बसले तर तेवढ्या कामाला ११६ दिवस लागतील. दीड महिन्यात "तसंच" करून देतो म्हणणारा काम यंत्रावर तरी करणार आहे किंवा टाके विरळ तरी घालणार आहे. वेळ कमी असेल तर भरतकाम ब्लाउज, काठ आणि ओढणी एवढ्यापुरतं ठेवून घेर साधा सोडावा. ते विरळ कामापेक्षा खानदानी दिसतं.

जड घेराचं वजन नाडीवर टांगलं की नाडी कमरेत रुतते आणि घेर खाली सरकत राहतो. पाच-सहा सेंटीमीटर रुंदीचा, आतून कॅनव्हास लावलेला पट्टा, त्याला हुक आणि नाडी फक्त जोडीला, अशी बांधणी मागून घ्या. खांद्यावर आधार नसलेल्या किंवा पाठ उघडी असलेल्या पोशाखाला याच तत्त्वावर आत कंबरपट्टी लागते: अडीच सेंटीमीटरची न ताणणारी फीत, कमरेला अंगासरशी बसणारी, सर्वांत आधी लावायची. तिने वजन कमरेवर घेतलं की गळा वर ओढत बसावं लागत नाही. राणी एलिझाबेथची नात, राजकन्या युजेनीने १२ ऑक्टोबर २०१८ला पीटर पिलोटो आणि क्रिस्टोफर डी वोस यांच्याकडून मुद्दाम खोल पाठीचा गाऊन करून घेतला. लहानपणी मणक्याच्या शस्त्रक्रियेने राहिलेला व्रण दिसावा म्हणून तिने व्हेलही घेतली नाही. माझ्या मते अलीकडच्या लग्नांतला हा सर्वांत विचारपूर्वक निवडलेला पोशाख आहे. पोशाखात एकच गोष्ट बोलायला ठेवली आणि तिच्यावर काहीही झाकण येऊ दिलं नाही.

साधेपणा सोपा वाटतो, पण त्यालाच सर्वांत जास्त कसब लागतं. १९ मे २०१८ला डायनाची धाकटी सून मेगन मार्कलने घातलेल्या जिव्हाँशीच्या गाऊनला अवघ्या सहा शिवणी होत्या. तिथे चुणी लपवायला मणी नाही, लेस नाही. असा पोशाख हवा असेल तर भरतकामाचे वाचलेले पैसे जाड, चांगल्या पडणाऱ्या कापडावर आणि आणखी एका ट्रायलवर घाला. त्या रुंद, होडीसारख्या गळ्याला खांद्यावर तीन-चार सेंटीमीटर तरी कापड हवं, नाहीतर तो घरंगळतो. आतल्या बाजूला ब्राचा पट्टा अडकवायला बंद शिवून घ्या. ट्रायलमध्ये दोन्ही हात वर करा, वाका, बसा, कुणाला तरी मिठी मारा.

जॉन एफ. केनेडी ज्युनिअरशी लग्न करताना कॅरोलिन बेसेटने १९९६मध्ये घातलेला गाऊन याहून अवघड. नार्सिसो रॉड्रिगेझ यांनी क्रेप उरेब, म्हणजे विणीला तिरकं, कापून केलेला, सुळसुळीत. तो अंगावर चढवायलाच इतका वेळ गेला की विधी लांबला, असं त्या लग्नाबद्दल वारंवार लिहिलं गेलंय. उरेब कापड अंगाबरोबर ताणतं म्हणून छान दिसतं, आणि त्याच कारणाने टांगून ठेवलं की खाली लोंबतं. शिवल्यावर दोन दिवस टांगून मगच खालची पट्टी मारावी, तीही लग्नातलीच चप्पल घालून. नंतर मात्र आडवाच ठेवावा. डोक्यावरून घालायचा असेल तर चेहऱ्यावर पातळ रेशमी रुमाल टाकावा, म्हणजे लिपस्टिक कापडाला लागत नाही.

जुन्या कपड्यांची निवड मला मनापासून आवडते. युजेनीची बहीण बीट्रिसने १७ जुलै २०२०ला लग्नात राणी एलिझाबेथचा नॉर्मन हार्टनेल यांनी केलेला गाऊन घातला, त्याला ऑर्गेन्झाच्या बाह्या जोडल्या. डोक्यावर राणीच्याच लग्नातला मुकुट होता, जो १९४७मध्ये लग्नाच्या सकाळीच तुटला होता आणि जवाहिऱ्याकडे धाडून दुरुस्त करून आणावा लागला. दागिना जुना असला की त्याचे फासे, हुक आणि कड्या महिनाभर आधी तपासून घ्या. सोनाक्षी सिन्हाने २०२४मध्ये आईची साडी नेसली. आईची साडी काढाल तेव्हा आधी ती उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहा. रेशीम तिथेच विरतं. रेषेवर हलकेच आडवी ओढ देऊन धागे फाकले, तर पदराची पिन तिथे लावू नका. विरलेला भाग निऱ्यांच्या आत जाईल अशी नेसण ठरवा, किंवा मागून बारीक नेट लावून घ्या. ड्रायक्लीनला महिनाभर आधी द्या आणि त्याआधी इस्त्री अजिबात नको: सरबताचा वगैरे जुना, न दिसणारा डाग उष्णतेने तपकिरी होऊन कायमचा बसतो.

आलिया भट्टने एप्रिल २०२२मध्ये लग्नात नेसलेली हस्तिदंती ऑर्गेन्झाची साडी ऑक्टोबर २०२३मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घेताना पुन्हा नेसली. तुम्हालाही तसं करायचं असेल तर लग्नानंतर आठवड्याच्या आत साडी किंवा लेहंगा स्वच्छ करून घ्या, पिना सगळ्या काढा, सुती मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि जरीकाम काळं पडतं. दर तीन-चार महिन्यांनी घडी दुसऱ्या रेषेवर मोडा, आणि भरतकामाची ओढणी घडी न घालता सुती कापडाच्या गुंडाळीवर गुंडाळून ठेवा.