आयएल-४ कुठे गेलं?

आज दिवसभर एलायझाच्या (प्रथिनांचं प्रमाण मोजणारी चाचणी) प्लेटा. मोजायचं होतं आयएल-४, म्हणजे इंटरल्यूकिन-४ हे पेशींचं संदेशवाहक प्रथिन. लीशमानिया मेजर या परजीवीच्या संसर्गात बाल्ब-सी वाणाच्या उंदरांच्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) आयएल-४ सोडतात आणि पायाची सूज वाढतच जाते. सी५७ब्लॅक/६ या दुसऱ्या वाणात आयएल-१२ मुळे इंटरफेरॉन गॅमा वाढतं (हीही संदेशवाहक प्रथिनंच), मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) नायट्रिक ऑक्साइड बनवून परजीवी मारतात. पुस्तकात चित्र कसं स्वच्छ! प्लेटवर मात्र आयएल-४ बरेचदा अपेक्षेपेक्षा कमी दिसतं, कारण कल्चरमधल्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशीच ते वापरून टाकतात. म्हणून इंटरफेरॉनसाठी ७२ तासांचं सुपरनॅटंट (पेशींवरचा द्रव) चालेल, पण आयएल-४ साठी २४ ते ४८ तासांतच काढा, नाहीतर आयएल-४ चा रिसेप्टर (पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा) अडवणारी अँटिबॉडी घाला. लगेच छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर. वारंवार वितळवलंत तर आकडे घसरणारच. अँटिजेन (परजीवीची प्रथिनं) न घातलेल्या, तुलनेसाठीच्या पेशी मात्र प्रत्येक उंदरासाठी वेगळ्या ठेवा, एकत्र करून भागत नाही.