चालेल का?

आज लेकीच्या निबंधाच्या वहीसोबत बसले आणि तेव्हापासून डोक्यातून काही जातच नाहीये, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

विषय होता माझा आवडता प्राणी. पोरीने मुंगी घेतली. वर्गातल्या बहुतेकांनी कुत्रा नाहीतर मांजर घेतलं असणार, हिने मुंगी. त्यात एक वाक्य होतं, 'मुंगी हातावर चढली की तिचं वजन कळत नाही पण ती आहे हे कळतं.' मी ते तीनदा वाचलं. नऊ वर्षांच्या पोरीने हाताकडे नीट बघून, स्वतःला काय वाटतंय ते तपासून लिहिलेलं वाक्य आहे हे. त्याच्याखाली लाल रेघ आणि समासात शेरा, 'विषयाला धरून लिही'. वर अजून एक, 'प्राणी लिही, कीटक नको'. (कीटक प्राण्यांतच मोडतात, पण ते जाऊ दे.) पुढच्या पानावर तिने तोच निबंध पुन्हा लिहिलाय. कुत्रा हा इमानी प्राणी आहे, त्याला चार पाय, दोन कान व एक शेपूट असते, शेवटी आपण सर्वांनी प्राण्यांवर दया केली पाहिजे. दहापैकी आठ. आमच्या ओळखीत कोणाकडे कुत्रा नाही, तिने आजवर एकाही कुत्र्याला हात लावलेला नाही.

मार्कांचं मला फार वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आज नवीन निबंध लिहायला बसली तर दर वाक्याआधी मान वर करून विचारते, 'आई, असं लिहिलं तर चालेल का?' एका पानात मी मोजलं, अकरा वेळा. आधी ती असं विचारायची नाही. आधी ती लिहायची आणि मग पळत येऊन वाचून दाखवायची.

मलाही हेच सगळं शिकवलं होतं. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, मग समारोप. 'आणि'ने वाक्य सुरू करायचं नाही, निबंधात बोलीभाषा आणायची नाही, शेवटी एखादा सुविचार पाहिजेच. एकदा मी आजीच्या बोलण्यातला एक शब्द जसाच्या तसा लिहिला होता, तो खोडून वर प्रमाण शब्द लिहून मिळाला, आणि त्या दिवसापासून आजी माझ्या वहीत पुस्तकी बोलायला लागली. नंतर नंतर मी आजीवर लिहिणंच सोडलं. हे मला आज, वही हातात असताना आठवलं, इतकी वर्षं आठवलंही नव्हतं.

लेखन कसं शिकवावं यावर मी मागे बरंच वाचलं होतं, त्यातल्या दोन गोष्टी आज सारख्या डोळ्यांपुढे येतायत. माइक रोझ नावाच्या अमेरिकन शिक्षकाने 1980 साली कॉलेजच्या दहा मुलांवरचा अभ्यास छापला होता, त्यातल्या पाच जणांचं लिहिताना अडायचं आणि पाच जणांचं अडायचं नाही. फरक हुशारीचा नव्हताच. अडणाऱ्यांनी नियम दगडावरच्या रेघेसारखे धरले होते, बाकीच्यांकडेही नियम होते पण कामाला आला तर घ्यायचा, नाही आला तर बाजूला ठेवायचा असे. त्यातल्या एका मुलीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात व्याकरणशुद्ध उतरलं पाहिजे, त्यापायी ती पहिल्या परिच्छेदावरच तासन्‌तास बसायची. आणि दुसरं, रिचर्ड ब्रॅडॉक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1974 साली मासिकांतले 25 लेख घेऊन बघितलं की परिच्छेदाचं मुख्य वाक्य सुरुवातीला येतं का, कारण शाळेत तसंच यायला पाहिजे म्हणून शिकवतात. फक्त 13 टक्के परिच्छेद तसे निघाले. म्हणजे पोरांना जे लेखनाचा कायदा म्हणून सांगतात ते लिहून पोट भरणारी माणसंच पाळत नाहीत!

शिक्षकांवर माझा राग नाही, खरंच नाही. वह्यांचा एवढा गठ्ठा तपासायचा तर साचा सोयीचा पडतो, प्रस्तावना आहे का, आहे, समारोप आहे का, आहे, झाले मार्क. हाताला मुंगी कशी लागते याला किती मार्क द्यायचे हे कुठल्या तक्त्यात बसणार? शुद्धलेखनही शिकवायलाच पाहिजे, मी त्याच्या विरुद्ध नाही, ऱ्हस्वदीर्घ चुकलं की अर्थ बदलतो कधीकधी. पण ते नंतर करा ना. पोरगं अजून काय म्हणायचंय ते शोधतंय तेवढ्यात त्याच्या हातावर लाल पेन आलं तर ते शोधायचंच थांबतं, आणि मग जे आधीच सगळ्यांनी म्हणून ठेवलंय तेवढंच लिहितं, कारण त्यात चुकायची भीती नाही. नवीन काही करून बघायचं तर त्यातलं निम्मं फसणारच, आणि फसलेल्याचे मार्क कापले तर कोण कशाला करून बघेल.

म्हणून आज रात्री एक केलं. पीटर एल्बो नावाच्या प्राध्यापकांनी 1973 पासून एक पद्धत लोकांपुढे मांडली, घड्याळ लावून दहा मिनिटं सलग लिहायचं, थांबायचं नाही, खोडायचं नाही, काही सुचलं नाही तर सुचत नाही असं लिहायचं पण हात चालू ठेवायचा, आणि ते कोणी तपासायचं नाही. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, मोबाईलवर टायमर लावला. तिने आधी विचारलंच, 'चुकलं तर चालेल का?' म्हटलं, आज हा प्रश्नच विचारायचा नाही.

पहिल्या चार ओळी तिने 'मला काही सुचत नाही' एवढंच लिहिलं, मला उलटं दिसत होतं. मग पेन्सिल जोरात चालायला लागली. मी माझ्या कागदावर आजीबद्दल सुरू केलं, तिचा तो शब्द लिहिला आणि बघते तर माझ्याच हाताने तो खोडून वर प्रमाण शब्द लिहायला घेतलेला. तिने मान वर केली आणि माझ्या कागदावर बोट ठेवलं.

'आई, खोडायचं नाही ठरलंय ना.'

मी तो शब्द पुन्हा लिहिला. टायमर वाजला तरी ती थांबली नाही, अजून दीड पान लिहिलं, मग वही छातीशी धरून झोपायला गेली. काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही.