डुगडुगणारा कमोड आधी बसवा, मग आवळा

कमोड जरासा हलायला लागला की लगेच स्क्रू आवळायची घाई करू नका. स्क्रूचं काम कमोडला जागेवरून सरकू न देणं एवढंच आहे. त्याचा भार फरशीने पेलायचा असतो. स्क्रू पूर्ण काढल्यावरही कमोड शांत बसतो का, हे मी सगळ्यात आधी बघते. तो तसाही डुगडुगत असेल, तर आवळून फक्त तडा जाईल.

आमच्या सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे त्या उठताना सगळा भार डावीकडे टाकतात. तो रोजचा झोक साध्या बसण्यापेक्षा कितीतरी जास्त ताण देतो. म्हणून घरात वयस्कर माणूस असेल तर ‘थोडंसंच तर हलतंय’ म्हणून हे काम पुढे ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं. आधारासाठी धरलेली वस्तूच हलली, तर तोल जायला कितीसा वेळ लागतो?

हलण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फरशीचा उतार. पाणी जाळीकडे जावं म्हणून बाथरूमच्या फरशीला उतार दिलेला असतो, आणि कमोडचा तळ भट्टीत भाजताना थोडा वाकडा होऊ शकतो. मग एका कोपऱ्याखाली फट राहते. ती शोधायला बॅटरी किंवा मोठं यंत्र लागत नाही. जाडसर कागद तळाखालून फिरवायचा; जिथे तो सहज आत जातो, तिथे आधार नाही. त्या जागी प्लास्टिकची पाचर हातानेच सरकवायची, ठोकायची नाही. कमोड हलायचा थांबला की पाचरही थांबवायची आणि बाहेर राहिलेला भाग कापून टाकायचा. लाकडाची चिपाट किंवा घडी केलेला पुठ्ठा नको, ओल लागली की दोन्ही दबतात.

तळ नीट टेकत असेल आणि तरीही कमोड हलत असेल, तर दोष फरशीतल्या स्क्रूच्या भोकात. स्क्रू नुसताच फिरत राहतो, पकड घेत नाही, म्हणजे आतला रॉल प्लग, म्हणजे स्क्रूला पकड देणारी प्लास्टिकची नळी, सैल झालाय. त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबणारे खूप आहेत, पण त्या चार दिवसांत कुजतात. भोक मोठं करून जाड प्लग बसवावा, आणि काँक्रीटच भुसभुशीत असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरल्यावर कडक होऊन पकडणारा चिकट मसाला, वापरावा. टाइलवर वाजवून पाहिल्यावर पोकळ आवाज आला, तर आधी टाइलचंच काम करावं लागेल.

नवं भोक पाडताना जरा जपून. खालून पाइप गेलाय का ते आधी खात्रीने माहीत हवं. खुणेवर मास्किंग टेप लावायची, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद ठेवायचा, खालचं काँक्रीट लागलं की सुरू करायचा. भुकटी पूर्ण काढायची, कारण भुकटीत प्लग पकडतच नाही. भोकात थोडं सिलिकॉन सोडून मग प्लग बसवला की पाणी त्या वाटेने खाली उतरत नाही. प्लगचं तोंड टाइलच्या जाडीच्या खाली गेलं पाहिजे. वरच राहिलं, तर स्क्रू आवळताना प्लग फुगतो आणि टाइल फुटते.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधं लोखंड ओलीत गंजतं, आणि मग स्क्रू ना सुटतो ना धरतो. डोक्याखाली प्लास्टिकची चकती हवी, धातू थेट चिनीमातीवर टेकू नये. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी, असं करायचं नाही. इकडे थोडं, तिकडे थोडं, आणि हाताला घट्टपणा जाणवला की थांबायचं. चिनीमाती जराही लवत नाही, सरळ तडकते.

कमोडचं तोंड थेट फरशीतल्या पाइपवर बसत असेल आणि मधे मेणाची रिंग असेल, तर एकदा कमोड उचलला की रिंग नवी घालावीच लागते. दबलेलं मेण पुन्हा फुगून सांधा भरत नाही. बराच काळ डुगडुगणाऱ्या कमोडखालून वास येतो किंवा खालच्या छताला ओल दिसते, त्यामागे बऱ्याचदा हीच रिंग असते.

तळाभोवतीची फट भरायला मी व्हाइट सिमेंट वापरत नाही. ते कडक होतं, जरा हललं की चिरतं, आणि पुढे कधी कमोड काढायचा झाला तर छिन्नी मारताना तळ फुटण्याची भीती. बुरशीरोधक सिलिकॉन बरं. जागा कोरडी करून लावायचं, पण फरशीचा उतार ज्या बाजूला आहे तिथे दोन बोटं जागा मोकळी ठेवायची. खाली कधी गळती झालीच तर पाणी तिथून बाहेर दिसेल, आत साठून राहणार नाही.

सिलिकॉनला निदान 24 तास द्या, तोवर कुणी बसू नये. मग चार-पाचदा फ्लश करून त्या मोकळ्या जागेला टिश्यू पेपर लावून बघा. कोरडा निघाला, तर स्क्रूवर टोप्या बसवा. ओला निघाला, तर कमोड उचलून सांधा पुन्हा करा, वरून आणखी सिलिकॉन थापू नका.